निशाचर गटातून नाव कमी करणेबाबत

प्रति,
मा. कामगार कल्याण अधिकारी,
हेमकिरण झाकण उद्योग,
मु. कुंभिवली, ता. खालापूर, जि. रायगड.

अर्जदार: जगदीश काशिनाथ विरले, मशीन ऑपरेटर, झाकण विभाग,
रा. पोशीर, ता. कर्जत, जि. रायगड.

विषय: 'शरीराच्या नैसर्गिक ऊर्जेनुसार' अर्जदारास दिलेली कायम रात्रपाळी रद्द होऊन दिवसपाळी, आणि तीही जमत नसल्यास पूर्वीची फिरती पाळी तरी परत मिळणेबाबत.

संदर्भ: १) कँटीनमध्ये झालेले 'देहाचे घड्याळ ओळखा' हे व्याख्यान.
२) त्यानंतर फलकावर लागलेली पाळ्यांची यादी.
३) अर्जदाराने सुपरवायझर श्री. राजेश यांना वेळोवेळी केलेली तोंडी विनंती, जी हसण्यावारी नेण्यात आली.

महोदय,

उपरोक्त विषयी अर्जदार सविनय सादर करतो की, हा अर्ज तो भर दुपारी, म्हणजे कंपनीच्या मते त्याच्या शरीराची मध्यरात्र चालू असताना लिहीत आहे. अक्षर वाकडे आले असल्यास त्याचा दोष अर्जदाराच्या शिक्षणाला न देता पाळीला द्यावा. हे सर्व समक्ष बोलता आले असते. परंतु आपले कार्यालय दिवसा उघडे असते आणि अर्जदार रात्री. रात्रपाळीत आपल्या दाराला कुलूप असते आणि दारावर 'कामगारांचे कल्याण हेच आमचे ध्येय' ही पाटी असते. ती पाटी अर्जदाराची आता तोंडपाठ झाली आहे. सबब लेखी मांडणे भाग पडले.

१. अर्जदार या कारखान्यात बाटल्यांची झाकणे दाबण्याच्या मशीनवर आहे. पूर्वी त्याला सर्वांसारखी फिरती पाळी होती, म्हणजे एक आठवडा सकाळची, एक दुपारची, एक रात्रीची. त्या पाळीचाही अर्जदाराला कंटाळा होता आणि तो बोलून दाखवत असे, हे तो नाकारत नाही. पोटाला कळेनासे झाले होते की आता भाकरी मागायची का चहा. म्हणून शिमग्यानंतर कंपनीने मुंबईहून संजना मॅडमना बोलावून कँटीनमध्ये व्याख्यान ठेवले, तेव्हा अर्जदार आनंदाने पुढच्या बाकावर बसला. मॅडम म्हणाल्या की प्रत्येकाच्या अंगाची स्वतःची वेळ असते, उभारी असेल तेव्हा जड काम करावे, नसेल तेव्हा अंगाला उगाच ओढू नये. हे बोलणे अर्जदाराला सोळा आणे पटले. अर्जदाराचे वडीलही असेच वागत. नांगर धरायचा तो सकाळी, दुपारी बांधाच्या सावलीत आडवे व्हायचे आणि ऊन उतरल्यावर पुन्हा शेतात. त्यांना कोणी व्याख्यान दिले नव्हते, त्यामुळे त्यांचे सुरळीत चालले.

२. यानंतर जे झाले ते साहेबांनी नीट समजून घ्यावे, कारण सगळा घोळ इथेच झाला. मॅडमनी हातात माईक घेतला आणि एकेका कामगाराला उभे करून विचारले, "दादा, दिवसभरात तुम्हाला सगळ्यात जास्त एनर्जी कधी वाटते?" अर्जदाराचा नंबर आला. 'सकाळी' हा शब्द त्याच्या अगदी ओठावर होता. एवढ्यात शेजारी बसलेला ऋतिक, जो आमच्याच गावचा आहे आणि ढोलकी वाजवतो, तो कानात पुटपुटला, "दादा, मागं वाल्मिक बसलाय रं."

आता वाल्मिक कोण, हे साहेबांना माहीत असण्याचे कारण नाही. आमच्याकडे गौरी-गणपतीत नाच असतो. पायात चाळ बांधायचे, कमरेत वाकून गोल धरायचा, मध्ये ढोलकीवाला आणि गाणारा बुवा. पोशीरचा गोल आणि कशेळ्याकडचा गोल समोरासमोर आले की कोणी माघार घेत नाही. उजाडायच्या आत जो गोल खाली बसेल त्याची पुढे वर्षभर बाजारात टिंगल होते. श्री. वाल्मिक ऐनकर हे कशेळ्याच्या गोलाचे पुढारी असून आपल्याच कारखान्यात पॅकिंगला आहेत. आणि पोशीरच्या गोलाचा पुढारी अर्जदार आहे. मागच्या गौरीत कशेळ्याचा गोल आधी बसला. वाल्मिकचे म्हणणे की ढोलकीची पुडी, म्हणजे वरचे कातडे, फाटली म्हणून बसला. अर्जदाराला त्या पुडीबद्दल काही बोलायचे नाही.

तर असा माणूस पाठीमागे बसलेला असताना, सगळ्या पाळ्यांतले लोक ऐकत असताना, हातात माईक असताना अर्जदाराने 'सकाळी' म्हणायचे? आमच्याकडच्या कुठल्याही नाच्याने म्हटले नसते. अर्जदार म्हणाला, "रातच्याला मॅडम. जेवून सगळी झोपली का आमचं खरं सुरू होतं, ते उजाडंस्तवर. दम लागनं आमाला म्हाईतच नाय." कँटीनमध्ये शिट्ट्या झाल्या. मॅडमनीही टाळ्या वाजवल्या. मग माईक वाल्मिककडे गेला आणि तो म्हणाला, "आमी तं उजाडल्याव बी बसत नाय मॅडम, आमी उन्हात बी नाचतो!" पुन्हा शिट्ट्या. आम्हा दोघांपैकी एकालाही वाटले नाही की इथे झाकणांबद्दल विचारणा चालली आहे.

३. पाडव्यानंतर फलकावर यादी लागली. कामगारांचे दोन गट केलेले. जे 'सकाळी' म्हणाले ते 'पहाट गट', त्यांना कायम दिवसपाळी. जे 'रात्री' म्हणाले ते 'निशाचर गट', त्यांना कायम रात्रपाळी. निशाचर गटात पहिले नाव अर्जदाराचे आणि दुसरे वाल्मिकचे. अर्जदाराला हेही नमूद करायचे आहे की पहाट गटात सुपरवायझर राजेश यांचे नाव आहे, ज्यांना सकाळच्या बसमध्ये दोघांनी धरून उठवावे लागते. पण ते माईकवर 'सकाळी' म्हणाले होते.

४. अर्जदाराच्या अंगाचे खरे चालणे असे आहे. पहाटे त्याला कोणी न उठवता जाग येते. उठल्याबरोबर अंगात बळ असते, न्याहारीपर्यंत तो शेतातले निम्मे काम उरकून टाकतो. दुपारच्या जेवणानंतर डोळा लागतो, तिन्हीसांजेला पुन्हा तरतरी येते आणि जेवण झाले की बसल्या जागी पेंगतो. भजनाला गेला तर पहिल्या अभंगालाच भिंतीला टेकतो, हे सगळ्या पोशीरला ठाऊक आहे. वर्षातल्या गौरीच्या एक-दोन रात्रीच तो जागा राहतो. पण साहेब, ती ताकद अंगाची नव्हे, ती ईर्षेची आहे. समोर वाल्मिक असतो, ढोलकी घुमत असते, गाव बघत असते. आणि निम्मी ताकद भाविकाची असते. भाविका ही अर्जदाराची मुलगी. मागच्या गौरीत सामना रंगात आला तेव्हा ती ओट्यावर उभी राहून ओरडत होती, "पप्पाऽऽ, बसू नका! पप्पाऽऽ, बसू नका!" ढोलकीच्या वरताण आवाज होता तिचा. पलीकडच्या आळीत ऐकू गेला. त्यानंतर कोणता बाप बसेल? झाकणाच्या मशीनपुढे यातले काहीही नसते. तिथे नुसती झाकणे असतात.

५. अर्जदाराने ही सर्व हकीकत श्री. राजेश यांच्या कानावर घातली. ते म्हणाले, "तूच बोललास ना रं? तुझ्या बॉडीला हेच सूट व्हतंय." पुढच्या वेळी गेल्यावर म्हणाले, "आता चार लोकांत बोललेलं फिरवू नको." तिसऱ्या वेळी मात्र त्यांनी मोठी मेहेरबानी केली आणि अर्जदाराची फेरतपासणी करण्यासाठी मॅडमना पुन्हा बोलावले.

ही फेरतपासणी कशी झाली, तेही लेखी राहिलेले बरे. ती सकाळी ठेवली. अर्जदार रात्रभर झाकणे दाबून बाहेर आला होता आणि त्याला बसमध्ये चढण्याऐवजी तसाच कँटीनमध्ये नेऊन बसवले. मॅडमनी प्रश्न विचारले, त्यातले निम्मे अर्जदाराला ऐकू आले नाहीत. त्यांनी चेंडू टाकला, तो झेलता आला नाही. त्यांनी विचारले, "आत्ता कसं वाटतंय?" अर्जदार खरे तेच बोलला, की झोप येते आहे. यावर मॅडम राजेशना म्हणाल्या, "बघितलंत? सकाळच्या वेळी यांच्यात अजिबात ऊर्जा नसते. निशाचर गट अगदी बरोबर आहे." रात्रभर राबवलेल्या बैलाला सकाळी जू चढवून, हा सकाळचा बैल नव्हे असे ठरवावे, तसा हा न्याय झाला.

६. येथपर्यंत अर्जदार गप्प राहिला असता. परंतु ज्येष्ठ महिन्यात कंपनीने त्याला 'महिन्याचा निशाचर' म्हणून निवडले आणि गेटजवळच्या फलकावर त्याचा फोटो लावला. फोटोच्या वर घुबडाचे रंगीत चित्र, घुबडाच्या डोक्यावर कंपनीची टोपी. ऋतिकने त्याचा फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला. अर्जदाराची आई अंबाबाई हिने तो पाहिला आणि ओट्यावर बसून अख्ख्या आळीला ऐकवले, "माज्या लेकाच्या डोक्याव घुबाड बसवलंय! कोन मेला त्यो चित्र काढनारा? त्याच्या घरात माणसं हायती का नाय?" तिने मिरच्या-मोहऱ्यांनी अर्जदाराची दृष्ट काढली. अर्जदाराला तेवढ्यापुरता ठसका लागून जाग आली. हा सन्मान कृपया उतरवावा. निदान घुबड तरी काढावे.

७. आता मुख्य तक्रारीकडे येतो. रात्रपाळीत अर्जदाराचा एकदा मशीनपुढे डोळा लागला. हात थोडक्यात वाचला. यावर कंपनीने त्याला समज दिली आणि सोबत डोळ्यांवर बांधायची एक काळी पट्टी दिली. मॅडमच्या सूचनाही फोनवर आल्या की, दिवसा पुरेशी झोप झाली पाहिजे, खिडक्यांना जाड पडदे लावावेत आणि झोपेच्या वेळी कुटुंबीयांनी घरात शांतता राखून सहकार्य करावे. अर्जदाराने या सूचना घरी वाचून दाखवल्या. चूक झाली असेल तर ती ही झाली, कारण अर्जदाराचे कुटुंब फार सहकार्य करणारे आहे.

पत्नी रोहिणी हिने मिक्सर बंद केला. वाटण शेजारच्या घरी जाऊन वाटून आणते. भांडी घासायला मागच्या दारी नेते, आणि पावसातसुद्धा तिथेच डोक्यावर इरले घेऊन बसते. अंबाबाईचा आवाज जन्मापासून खणखणीत. ती आता सकाळीच उठून मंदिरात जाऊन बसते, म्हणजे बोलता येते. कोंबड्या भावाकडे दिल्या. दार वाजू नये म्हणून कडीला चिंधी गुंडाळली. भर दुपारी घरात शिरलात तर वाटेल की इथे कोणी आजारी तरी आहे, नाहीतर गेले तरी आहे. आणि एवढे सगळे करून अर्जदाराला झोप येत नाही ती नाहीच! दिवस डोक्यावर आला की अंगाला कळते, पडदा कितीही जाड असो. डोळ्यांवर काळी पट्टी बांधून तो आपला पडून राहतो, आणि आपण जागे आहोत हे घरच्यांना कळू नये म्हणून कूसही बदलत नाही.

८. या सर्वांत सगळ्यात जास्त सहकार्य भाविकाने केले. ती दुसरीत आहे. "पप्पा झोपलेत" हे दोन शब्द ऐकले की पूर्वी ती घटकाभर गप्प बसायची. हळूहळू ती पावले न वाजवता चालायला शिकली. मग कुजबुजायला शिकली. हसू आले तर तोंडावर ओढणी दाबून हसायची. घरातल्या सगळ्यांनी तिचे कौतुक केले, अर्जदारानेही केले. पोर किती समजूतदार, असे चारचौघांत सांगितले. अर्जदाराला आज त्या कौतुकाची चीड येते.

आषाढात शाळेच्या सुरभी मॅडमनी बोलावणे धाडले. त्या म्हणाल्या, "भाविका हुशार आहे हो, पण वर्गात वाचताना आवाजच येत नाही. नुसते ओठ हलतात. घशाला काही झालंय का?" अर्जदार तिला नेरळला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी तिला "आ" करायला सांगितले. तिने आधी अर्जदाराकडे पाहिले आणि मग तोंड मोठ्ठे उघडले, आवाज काही काढला नाही. घसा चांगला आहे, कसलीही गाठ नाही, सूज नाही, असे डॉक्टर म्हणाले.

घरी आल्यावर रोहिणीने तिला जवळ घेऊन विचारले, "अगं, शाळंत का गं बोलत नाय तू? पप्पा काय शाळंत झोपल्यात का?" त्यावर तिने हळूच जे सांगितले ते असे. मध्ये ती तापाने घरी होती. त्या दिवशी शाळेतली प्रार्थना सुरू झाली, आणि आमचे घर शाळेला लागून असल्याने ती आत ऐकू आली. अर्जदार पट्टी काढून उठला आणि वैतागून म्हणाला, "ही पोरं काय झोपू देत नाय!" अर्जदाराला हे बोलल्याचे आठवतही नाही. भाविकाने ते ध्यानात ठेवले. शाळेतला आवाज घरात येतो, तर तिचाही येणार. म्हणून ती शाळेतही बोलत नाही. प्रार्थनेलाही नुसते ओठ हलवते.

साहेब, हे ऐकल्यावर अर्जदाराने काय करायचे होते? त्याने तिला दहादा सांगितले की आता बोल, मोठ्याने बोल, ओरड. ती मान डोलावते. पण संध्याकाळी अर्जदाराने बससाठी पिशवी उचलली की तिला कळते की उद्या सकाळी पप्पा पुन्हा झोपायला येणार, आणि तिचा आवाज पुन्हा आत जातो. तोंडाने एक सांगायचे आणि पाळीने दुसरे, हे सात वर्षांच्या पोरीला कसे पटावे?

९. हे दुःख अर्जदाराने एकाच माणसाकडे बोलून दाखवले, तो म्हणजे वाल्मिक. तो कशेळ्याहून जीपने कर्जतला येतो आणि आमच्या बसमध्ये चढतो. पूर्वी आम्ही एकमेकांकडे पाठ करून बसायचो, आता एकाच सीटवर पेंगतो. त्याचेही वजन उतरले आहे, आणि त्याच्या गोलातली पोरे तालमीला त्याच्याशिवाय गोंधळ घालतात. परवा तो म्हणाला, "जगदीश, त्या दिशी तू सकाळी बोलला असतास तं मी बी सकाळीच बोललो असतो रं." अर्जदार म्हणाला, "माझ्या मागं तू नसतास तर मी बोललोच असतो." त्यावर तो म्हणाला की ढोलकीची पुडी फाटली नव्हती, पायात गोळे आले म्हणून तो बसला होता. एवढे मोठे गुपित त्याने अर्जदाराला सांगितले, यावरून साहेबांनी आमच्या दोघांच्या झोपेची कल्पना करावी. वाल्मिकचा याच मागणीचा वेगळा अर्ज येईल. त्याला लिहायचा कंटाळा आहे, म्हणून तोही अर्जदारच लिहून देणार आहे. अक्षर सारखे दिसल्यास संशय घेऊ नये.

१०. तरी साहेबांस विनंती अशी की, अर्जदार माईकवर जे बोलला ते नाचाविषयी होते, ते झाकणांविषयी धरू नये. त्याचे नाव निशाचर गटातून कमी करून त्याला दिवसपाळी द्यावी. दिवसपाळीला जागा नसेल तर पूर्वीची फिरती पाळी द्यावी. तिने अंगाची ओढाताण होते, पण तीन आठवड्यांतले दोन आठवडे तरी बाप रात्री घरी झोपतो आणि सकाळी घरात भांडी वाजू शकतात. गणपती तोंडावर आले आहेत. अर्जदार त्यासाठी सुट्टी मागत नाही. नाचायला मिळाले नाही तरी चालेल. कशेळ्याचा गोल यंदा उभा राहिला आणि पोशीरचा बसला, तरीही अर्जदार बाजारातून मान खाली घालून जाईल. त्याला फक्त ओट्यावरून ओरडणारी पोर परत हवी आहे.

अर्ज इथवर लिहून होत असताना शाळा सुटून भाविका घरी आली. नेहमीप्रमाणे चपला हातात घेऊन आली. अर्जदार खाटेवर बसून लिहितो आहे हे पाहून दारातच थांबली आणि कुजबुजली, "पप्पा, तुमी जागं हाव? मंग मी बोलू का?" अर्जदार म्हणाला, बोल की गं. ती जवळ येऊन बसली आणि वर्गातल्या कोणाची तरी गोष्ट सांगू लागली. भरभरून सांगत होती, हातवारे करत होती, पण आवाज तेवढाच होता. अर्जदाराने अर्ज बाजूला ठेवला आणि कान तिच्या तोंडाशी नेला. म्हणून हा शेवटचा भाग घाईत लिहिला आहे, राग मानू नये.

उद्या अर्जदार झोपणार नाही. रात्रपाळी सुटल्यावर घरी येऊन अंघोळ करील आणि दुपारी हा अर्ज द्यायला स्वतः आपल्या कार्यालयात येईल. तेव्हा तो पेंगुळलेला दिसल्यास त्यावरून पुन्हा निष्कर्ष काढू नयेत.

आपला नम्र आणि अद्याप जागा,

जगदीश काशिनाथ विरले
पोशीर, दि. १९ ऑगस्ट २०२५

सोबत:
१) डोळ्यांवर बांधायची काळी पट्टी, साभार परत.
२) भाविका जगदीश विरले, इयत्ता दुसरी. डॉक्टरांचा कागद जोडण्याऐवजी अर्जदार तिलाच सोबत आणीत आहे. साहेबांनी तिला तिचे नाव विचारावे. ती सांगेल. ऐकण्यासाठी साहेबांना खुर्चीवरून उठून खाली वाकावे लागेल.